स्कॉटलंडच्या फार्मवर तोडलेलं ते लांबट फळ नक्की काय, आणि पुण्यात येईल का?

कोथरूडकरीण

नमस्कार मंडळी,
लेक डंडीला शिकायला आहे, तिच्याकडे आम्ही दोघं जुलैत जाऊन आलो. तिकडे एक प्रकार असतो, फार्मवर जायचं, गेटपाशी पुठ्ठ्याची टोपली घ्यायची, रांगांमधून फिरत आपल्या हाताने फळं तोडायची आणि बाहेर पडताना वजन करून पैसे द्यायचे. तोडताना तोंडात किती गेली ती कोणी मोजत नाही त्यामुळे आमच्या ह्यांना हा व्यवहार फारच पसंत पडला, आणि तिकडे तेव्हा रात्री साडेनऊलाही चांगला उजेड असतो त्यामुळे घाईपण नाही.

स्ट्रॉबेरी झाली, रास्पबेरी झाली, आणि मग अगदी कुंपणाच्या कडेला तारांवर चढवलेली एक रांग होती तिकडे कोणी फिरकतच नव्हतं. पाटी नव्हती, किंवा असली तर पानांत गेली असेल. फळ रास्पबेरीसारखंच दाण्यादाण्याचं पण जवळजवळ दीडपट लांब, टोकाला निमुळतं, रंग धड लाल नाही धड काळा नाही, पिकलेल्या कोकमासारखा. रास्पबेरी कशी नुसता हात लावला की हातात येते, हे तसं येईना, जरा पिळून ओढावं लागत होतं आणि देठाकडची हिरवी पानं कधी कधी सोबतच यायची. फांद्यांना बारीक काटे, मनगटावर ओरखडे उठले. पण चव! आधी आंबट लागतं, तोंड वाकडं करायच्या आत गोडी येते आणि मग तो वास कितीतरी वेळ राहतो. जी काळसर झालेली होती ती नुसती बोट लावलं तरी फुटत होती.

वजन करणाऱ्या मुलीला विचारलं तर म्हणाली टेबेरी, रास्पबेरी आणि ब्लॅकबेरीचा क्रॉस, इथलीच. मागे लोक उभे होते म्हणून जास्त विचारता आलं नाही.

घरच्या ग्रुपवर फोटो टाकला तर दिरांनी ताबडतोब "हे जीएम आहे, खाऊ नका" असं लिहिलं (खाऊन चार तास झाले होते), आणि सासूबाईंनी विचारलं उपवासाला चालतं का. तर इथल्या जाणकारांनी सांगा, हायब्रीड म्हणजे लॅबमध्ये बनवलेलं का, एवढं चांगलं फळ आहे तर लेकीला तिकडच्या सुपरमार्केटमध्ये कधी कसं दिसलं नाही, आणि मुख्य म्हणजे पुण्यात कुठे मिळेल का नाहीतर गच्चीत लावता येईल का. गच्चीला भरपूर ऊन आहे, पाण्याची अडचण नाही.

गच्चीतली_माती

ताई, टेबेरीच ती, आणि तुम्ही खाल्लीत तीसुद्धा तिच्या माहेरी जाऊन. टे ही तिथली नदी, डंडी तिच्याच काठावर. डंडीला लागूनच इन्व्हरगौरी म्हणून गाव आहे, तिथल्या स्कॉटिश हॉर्टिकल्चरल रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डेरेक जेनिंग्ज यांनी ही जात तयार केली आणि १९७९ साली ती लागवडीसाठी बाहेर आली. नदीवरून नाव. तीच संस्था पुढे स्कॉटिश क्रॉप रिसर्च इन्स्टिट्यूट झाली आणि आता जेम्स हटन इन्स्टिट्यूट या नावाने चालते.

दिरांना सांगा जीएम वगैरे काही नाही. जीएममध्ये बाहेरचा जीन उचलून घालतात. इथे एका झाडाच्या फुलाचे पराग दुसऱ्याच्या फुलावर लावले, बी धरलं, ते रुजवलं, आलेल्या रोपांतून बरं ते ठेवलं आणि बाकीची टाकून दिली, संपलं. आपल्याकडे रत्ना आंबा नाही का नीलम आणि हापूसपासून काढला, तेच काम.

फक्त यात एक गंमत आहे. साध्या रास्पबेरीत गुणसूत्रं १४. जेनिंग्जनी घेतली ती दुप्पट गुणसूत्रांची रास्पबेरी, म्हणजे २८. दुसरीकडे अमेरिकेतल्या ओरेगनची ऑरोरा नावाची ब्लॅकबेरी, तिच्यात ५६. पोरांना दोघांकडून निम्मी निम्मी मिळतात, १४ आणि २८, म्हणून टेबेरीत ४२ झाली. हा हिशोब जुळला म्हणून झाड फळतं, नाहीतर अशा लांबच्या नात्यातल्या लग्नात पुष्कळदा झाड नुसतं माजतं आणि फळाच्या नावाने शून्य.

ओळखायची खूण तुम्ही स्वतःच लिहिली आहे. रास्पबेरी तोडली की मधला पांढरा दांडा झाडावरच राहतो आणि फळ आतून पोकळ निघतं. ब्लॅकबेरीत तो दांडा फळाबरोबर येतो. टेबेरी या बाबतीत ब्लॅकबेरीवर गेली आहे, फळ मधोमध चिरलं तर आत पांढरट गाभा दिसतो. म्हणून ओढावी लागते.

आणि म्हणूनच दुकानात दिसत नाही. हाताने तोडायला त्रासदायक, मशिनने तोडता येत नाही, पूर्ण पिकल्याशिवाय गोड होत नाही आणि पूर्ण पिकली की इतकी मऊ की खालचा थर डब्यातच बसतो. व्यापाऱ्याला असलं फळ नको असतं. त्यामुळे ती राहिली घरच्या परसात आणि तुम्ही गेलात तसल्या फार्मवर. काट्यांचं म्हणाल तर बकिंगहम नावाची बिनकाट्याची टेबेरीपण आहे, तुम्हाला भेटली ती मूळची.

सदाशिवपेठी

चार तास विमानतळावर, दहा तास विमानात, आणि हे सगळं करून आंबट फळ खाल्लं. असो. ज्याची त्याची आवड.

उपवासाचं मी सांगतो. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, बटाटा, शेंगदाणे, मिरची, ही चारही मंडळी अमेरिका खंडातून आलेली. ती ताटात मांडी घालून बसली आहेत आणि बिचाऱ्या टेबेरीला पासपोर्ट विचारता? फळ आहे, चालतं. सासूबाईंना नमस्कार सांगा.

आणि हायब्रीड म्हटलं की दचकणाऱ्यांसाठी. तुम्ही दर जानेवारीत वेण्णा लेकच्या काठावर क्रीम घालून जी खाता ती स्ट्रॉबेरी स्वतःच हायब्रीड आहे. फ्रेझिए नावाचा एक फ्रेंच लष्करी इंजिनियर चिलीच्या किल्ल्यांची टेहळणी करायला गेला होता, १७१४ साली येताना तिकडच्या मोठ्या फळाच्या स्ट्रॉबेरीची रोपं घेऊन आला. रोपं सगळी मादी निघाली, फळच धरेना. मग ब्रिटनी भागात कोणीतरी तिच्या शेजारी उत्तर अमेरिकेतली व्हर्जिनियाची स्ट्रॉबेरी लावली, मधमाश्यांनी बाकीचं काम केलं आणि आजची स्ट्रॉबेरी जन्माला आली. हा क्रॉस आहे हे १७६६ मध्ये द्युशेन नावाच्या माणसाने ओळखलं. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीची भानगड आहे, त्याच्यावर आपण महाबळेश्वरच्या नावाने जीआय टॅगसुद्धा (हे इथलंच, असा सरकारी शिक्का) घेतला २०१० मध्ये.

(स्ट्रॉबेरी, रास्पबेरी, टेबेरी यातलं एकही वनस्पतिशास्त्राप्रमाणे बेरी नाही. वांगं आहे. हे जेवताना घरी सांगू नये, मी सांगितलं होतं.)

कोथरूडकरीण

@गच्चीतली_माती खूप खूप धन्यवाद, किती छान समजावलंत, ते ४२ चं गणित मी लेकीला पाठवलं, ती म्हणाली आई तू फळ खायला आली होतीस का परीक्षा द्यायला.
@सदाशिवपेठी सासूबाई म्हणाल्या हे गृहस्थ कोण आहेत, बरोबर बोलतात.

पण लावता येईल का त्याचं कोणीच बोललं नाही. लेक डिसेंबरात येणार आहे, तिच्याबरोबर एखादी काडी किंवा सुकवलेल्या बिया मागवल्या तर? बॅगेत ओल्या टिश्यूत गुंडाळून आणतात ना लोक.

भिलारचा_पोरगा

राम राम. आमची स्ट्रॉबेरी आहे भिलारला, थोडी रास्पबेरी पण करून बघितली म्हणून लिहितोय.

काकू काडी आणली तरी पुण्यात ती फळणार नाय. कारण थंडी. ह्या झाडांना हिवाळ्यात झोप लागते आणि ठराविक तास थंडी खाल्ल्याशिवाय ती झोप मोडत नाही, साधारण ७ डिग्रीच्या खाली पारा राहील ते तास मोजतात. रास्पबेरीच्या बऱ्याच जातींना असे ८०० च्या वर तास लागतात. पुण्यात डिसेंबर जानेवारीत पहाटे दोन चार तास पारा ८-१० वर येतो आणि दुपारी परत २८-३०, मग तास साठणार कुठून. झाड जगेल, पानं येतील, लांबच लांब फोक सुटतील पण डोळे फुटणार नाहीत नीट. आमच्याकडे साडेचार हजार फुटावर पण तिकडच्या जाती रडतात तर कोथरूडच्या गच्चीत स्लॅबवर मे महिन्यात काय होईल तुम्हीच बघा.

अजून एक म्हणजे हे झाड पहिल्या वर्षी नुसता फोक काढतं, फळ त्याच फोकाला दुसऱ्या वर्षी, आणि फळून झालं की तो फोक वाळतो, तो कापायचा आणि तोवर खालून नवीन आलेले बांधून घ्यायचे. हे माहीत नसलं की लोक छाटणी करताना पुढच्या वर्षीचं फळच कापून टाकतात. आमच्या शेजाऱ्यांनी केलं होतं रास्पबेरीचं.

स्ट्रॉबेरीचं जमतं कारण ते आम्ही सप्टेंबर ऑक्टोबरात रोप लावून मार्च एप्रिलपर्यंत उरकतो. मातृरोपं बाहेरच्या देशातून येतात, जून जुलैत त्याच्या धाग्यांपासून रोपं करायची. विंटर डॉन, स्वीट चार्ली, कॅमारोसा, नाबिला असल्या जाती. त्यांना थंडीची एवढी अट नाही.

तुम्हाला त्याच घराण्यातलंच काही पाहिजे असेल तर आपल्या डोंगरातली रानटी रास्पबेरी आहे. उन्हाळ्यात महाबळेश्वरच्या बाजारात छोट्या टोपल्यात विकायला असते, काळी जांभळी, बारीक, वर पांढुरकी लव. आमची आजी गौरीफळं म्हणायची. ती याच मातीतली त्यामुळे थंडीचे लाड नाहीत.

गच्चीतली_माती

दादांनी अगदी नेमकं लिहिलं. त्या रानटी रास्पबेरीचं शास्त्रीय नाव रुबस निवियस, बाहेर तिला मैसूर रास्पबेरी म्हणतात आणि गरम प्रदेशात जिथे बाकीच्या रास्पबेरी येत नाहीत तिथे, उदाहरणार्थ फ्लोरिडात, लोक हीच लावतात. पण हिला साधी समजू नका, गालापागोस बेटांवर ही पोचली आणि तिथलं मूळचं जंगल गिळायला निघाली, आता तिला काढता काढता तिथल्या लोकांच्या नाकी नऊ आलेत. मी औंधला ड्रममध्ये लावली आहे. पावसाळ्यात धुमाकूळ घालते, एप्रिलमध्ये पानं करपतात म्हणून हिरवी नेट लागते, फळ येतं पण मूठभर, आणि ती मूठसुद्धा बुलबुल माझ्या आधी बघतो.

काडीचं मात्र प्लीज करू नका. बिया, काड्या, रोपं काहीही परदेशातून आणायचं तर इम्पोर्ट परमिट आणि तिकडच्या सरकारचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (झाडाला रोग-कीड नाही असा दाखला) लागतं, प्लांट क्वारंटाइन ऑर्डर २००३ मध्ये ते स्पष्ट आहे. नुसता नियम म्हणून नाही, या काड्यांतून व्हायरस येतात, डोळ्याला काहीच दिसत नाही, आणि वर भिलारच्या दादांसारख्यांची सगळी रोजीरोटी त्याच वर्गातल्या पिकांवर आहे. बियांचं तर विचारूच नका, हायब्रीडचं बी लावलं की आईबापांपैकी कोणावर जाईल ते सांगता येत नाही, टेबेरी तर नक्कीच येणार नाही. तिकडे ती वाढवतात ते फांदीचं टोक ऑगस्टमध्ये जमिनीत पुरून, त्याला मुळं फुटली की तोडून वेगळं करतात.

बेरीवाला_नाही_मी

बियांवरून आठवलं. ऑनलाइन टेबेरी, बॉयझनबेरी, निळी स्ट्रॉबेरी असल्या बियांची पाकिटं विकतात त्याच्या नादी कोणी लागू नका. निळी स्ट्रॉबेरी जगात नाही. मी एका ठिकाणाहून "ब्लॅकबेरी" म्हणून चांगलं कमरेएवढं रोप घेतलं, पैसेही तसेच मोजले, आणि ती निघाली तुती. तक्रार केली तर उत्तर आलं की सर दोन्ही काळंच फळ आहे. तेव्हापासून पान बघितल्याशिवाय घेत नाही. ब्लॅकबेरी, रास्पबेरीचं पान तीन किंवा पाच पानांचं मिळून असतं आणि फांदीला बहुतेक वेळा काटे, तुतीचं पान एकटं, रुंद, कडेला दाते.

बाय द वे बॉयझनबेरीची गोष्ट भारी आहे. कॅलिफोर्नियात रुडॉल्फ बॉयझन नावाच्या माणसाने असाच क्रॉस करून सोडून दिला होता. पुढे सरकारी शास्त्रज्ञ जॉर्ज डॅरो आणि वॉल्टर नॉट नावाचा शेतकरी शोधत गेले तर जुन्या शेतात तणात दबलेल्या थोड्याशाच वेली उरल्या होत्या. नॉटने त्या नेऊन जगवल्या, १९३० च्या दशकात फळं विकायला लागला आणि नाव मात्र बॉयझनचं दिलं. त्याच्या शेतावर इतकी गर्दी व्हायला लागली की आज तिथे मोठं अम्युझमेंट पार्क आहे, नॉट्स बेरी फार्म. त्याआधीची लोगनबेरी तर कोणी मुद्दाम केलीच नव्हती, सांताक्रूझचे एक जज्ज होते जेम्स लोगन, १८८० च्या सुमारास त्यांच्या बागेत ब्लॅकबेरी आणि रास्पबेरी शेजारी शेजारी होत्या, बी लावलं आणि आलं ते तिसरंच.

सदाशिवपेठी

म्हणजे कोर्टाच्या तारखा पडतात त्या वेळात जज्जसाहेब बागेत होते. चांगलं आहे.

मी मुद्द्याचं बोलतो. तुती काय वाईट आहे? तुमच्या कोथरूडमध्ये दर दुसऱ्या सोसायटीच्या कंपाउंडला आहे, फेब्रुवारी मार्चमध्ये खाली सडा पडतो, लोक गाड्या खराब झाल्या म्हणून चेअरमनकडे तक्रार करतात आणि मग तेच लोक कॅम्पात जाऊन फ्रोझन ब्लॅकबेरी घेऊन येतात. त्या फ्रोझनला चव नसते, नुसता रंग. कोणाला हवं ते करा.

कोथरूडकरीण

वाईट काही नाही हो, तुती नुसती गोड असते, ती आंबट झणक नाही ना तिच्यात. लेकीने तिकडे टेबेरीचा जॅम केला होता, त्याची एक बाटली आणली आणि ती आठवड्यात संपली. निदान त्या चवीच्या जवळपास जाणारं काही करता येईल का इथल्या फळांचं?

मुरंबा_आणि_बरंच

येईल की. मी दर वर्षी करते. जानेवारी फेब्रुवारीत बाजारात ती लहान, वेडीवाकडी, थोडी आंबट स्ट्रॉबेरी स्वस्त येते ना, मोठी देखणी घेऊ नका, ती घ्यायची, अर्धी ती आणि अर्धी पूर्ण काळी झालेली तुती. तुतीचा हिरवा देठ हाताने ओढू नका, फळ फुटून रस जातो आणि देठाचं अर्धं तसंच राहतं, छोट्या कात्रीने कापायचा. कंटाळवाणं काम आहे पण टीव्ही लावून बसलं की होतं.

दोन्ही फळांत पेक्टिन कमी, म्हणून जॅम पातळ राहतो आणि मग लोक आटवत बसतात आणि त्याचा काकवी होतो. मी एक दोन अर्धवट पिकलेले पेरू चिरून बुडतील एवढ्या पाण्यात उकळते आणि ते पाणी गाळून घालते, पेरूत पेक्टिन भरपूर. फळाच्या वजनाएवढी साखर, पण ती फळ मऊ झाल्यावर घालायची, आधी घातली तर साल चामट होते. शेवटी लिंबाचा रस, एक किलोला दोन लिंबं तरी, तुम्हाला ती झणक हवी आहे तर तीन. झालं का ते बघायला बशी फ्रीजरमध्ये ठेवायची, त्यावर थेंब टाकून मिनिटभराने बोटाने ढकलायचा, वर सुरकुती आली की गॅस बंद. टेबेरी मी खाल्लेली नाही त्यामुळे तसाच लागेल असं म्हणणार नाही, पण पोळीला लावून मुलं भाजी बाजूला ठेवतात.

भिलारचा_पोरगा

ताई बरोबर, ती बारकी स्ट्रॉबेरीच जॅमला चांगली, आम्ही पण प्रोसेसिंगला तीच देतो. मोठी फक्त दिसायला.

कोथरूडकरीण

ठरलं मग. टेबेरी लेकीकडे गेल्यावर, आणि गच्चीत तुती. @गच्चीतली_माती तुमच्याकडे तुतीची चांगली जात आहे का, काडी मिळेल का? औंधला मी येईन, लांब नाही.

गच्चीतली_माती

आहे, लांब फळाची नाही, साधी काळी, पण तिच्यात बऱ्यापैकी आंबटपणा आहे म्हणून तुम्हाला तीच देतो. ऑगस्ट चालू आहे तोवर या, आता लावली की रुजते. पेन्सिलीएवढ्या जाड, तीन चार डोळ्यांच्या सहा काड्या देईन, सहाच्या सहा लावा, दोन तीन तरी धरतात. डोळे वर, दोन डोळे मातीत, सावलीत ठेवा आणि पानं फुटली म्हणून लगेच उपटून मुळं बघू नका. कुंडी नको, निदान दीड फुटाचा ड्रम घ्या, तळाला भोकं जास्त पाडा. डिसेंबरच्या शेवटी सगळी पानं ओरबाडून काढायची आणि फांद्यांची टोकं छाटायची, नव्या फुटीबरोबरच फळ येतं. पहिल्या वर्षी आलं तर नशीब. रविवारी सकाळी नऊ ते अकरा मी गच्चीतच असतो, पत्ता मेसेज करतो, येताना ओलं फडकं आणि प्लॅस्टिकची पिशवी आणा.

सदाशिवपेठी

सहापैकी उरतील त्यातली एक मला. पेठेत गच्ची नाही, पण वाड्याच्या मागे संडासाच्या पाइपजवळ जागा आहे आणि तिथे काहीही येतं.